बालवाङ्मयाचा प्रौढ वाचक

मराठी घरात एखादा प्रौढ माणूस मुलांचे पुस्तक हाती घेऊन बसलेला दिसला, तर त्यामागे काही तरी सबळ कारण असले पाहिजे, असे आपण धरून चालतो. तो मुलाला वाचून दाखवीत असेल, वाढदिवसाची भेट पारखून घेत असेल, अथवा शिक्षक असल्यास पाठाची तयारी करीत असेल. तो केवळ स्वतःच्या आनंदासाठी ते पुस्तक वाचीत आहे, ही शक्यता सर्वांत शेवटी सुचते. आणि सुचली तरी ‘लहानपण आठवले वाटते!’ एवढे म्हणून पाहणारा पुढे जातो. वाचणाराही हे निमित्त खुशीने पत्करतो, कारण त्यामुळे त्याची सुटका होते. या निमित्ताचीच थोडी तपासणी येथे करावयाची आहे. माझ्या मते ते पुस्तकावर अन्याय करणारे आहे. उत्तम बालवाङ्मय वाचताना अथवा उत्तम बालगीत ऐकताना प्रौढ रसिकाला जो आनंद होतो, तो मुळात स्मरणाचा नसतो आणि वात्सल्याचाही नसतो. तो वाङ्मयाचा आणि संगीताचा सरळ आनंद असतो, आणि त्याची परीक्षाही त्याच कसोटीने व्हावयास हवी.

आपल्या साहित्यशास्त्राचा आधार येथे उपयोगी पडेल. रसांची वाटणी वयानुसार करावी, असे भरतमुनींना सुचले नाही. वीराचा स्थायी भाव उत्साह आणि अद्भुताचा विस्मय, एवढे नाट्यशास्त्र सांगते. उत्साह बारा वर्षांपर्यंत आणि शृंगार त्यापुढे, अशी सोय त्यात नाही. साहसकथेचे सारे सामर्थ्य या दोन भावांवर उभे असते. ‘पुढे काय होणार’ हे कुतूहल वरवरचे. त्याच्या मुळाशी ‘हे करता येईल’ हा उत्साह आणि ‘असेही असू शकते’ हा विस्मय असतो. पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वत्सल हा आणखी एक रस मानला. त्यात मूल हे पाहण्याचा विषय असते आणि पाहणारा वडीलमाणूस असतो. साहसकथेत नेमके उलट घडते: तेथे मूलच पाहणारे असते, आणि करणारेही. म्हणून प्रौढ वाचक साहसकथा वाचून ‘किती गोड!’ म्हणतो, तेव्हा त्याने वीर आणि अद्भुत यांना उठवून त्यांच्या जागी वत्सलाला बसविलेले असते. तो नायकाच्या बरोबरीने धावत नाही. ओट्यावर बसून धावणाऱ्याचे कौतुक करतो. असे कौतुक करणाऱ्याला पुस्तक आवडले, असे म्हणता येईल. त्याने ते वाचले, असे म्हणणे कठीण.

मराठी समाजाने प्रौढाला मुलांच्या पुस्तकांपासून दूरच ठेवले, असेही नाही. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. ती वाचताना कर्त्या पुरुषांनी डोळे पुसले आणि त्यात कोणाला वावगे वाटले नाही. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी तिच्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान मिळाला. त्या पुस्तकाचे मोठेपण वादातीत आहे. परंतु त्याच्या स्वागतातून आपली एक वृत्तीही उघड होते. मुलांच्या पुस्तकावर रडण्याची परवानगी प्रौढाला आहे, त्यातील धाडसाने हुरळून जाण्याची नाही. कारण अश्रूंच्या मागे संस्कार उभा असतो, आणि संस्कार हा शब्द उच्चारला की कोणत्याही वयाला कोणतेही पुस्तक शोभते. हुरळून जाण्यामागे मात्र आनंदाखेरीज दुसरे काही दाखविता येत नाही.

या पार्श्वभूमीवर भा. रा. भागवत यांचे कार्य पाहावे. १९५१ साली त्यांनी ‘बालमित्र’ मासिक सुरू केले आणि पुढे फुरसुंगीच्या बनेश फेणे या मुलाला मराठीत आणले. ‘फास्टर फेणे’ या नावाने त्याच्या कथांची सुमारे वीस पुस्तके झाली. हा मुलगा हडकुळा आहे, पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो, आणि जिभेने ‘टॉक्’ असा आवाज काढण्याची त्याला लकब आहे. बाहुबळात तो कोणालाच भारी नाही. त्याचे भांडवल दोनच गोष्टींचे: इतरांच्या नजरेतून निसटलेले त्याला दिसते, आणि दिसल्यावर तो थांबत नाही. भागवतांची गद्यशैलीही याच दोन गुणांची बनलेली आहे. वर्णन हवे तेवढेच येते, ते नेमके असते, आणि वाक्य संपण्याआधीच पुढची क्रिया सुरू झालेली असते. उपदेश करण्यास जागाच उरत नाही. प्रौढ वाचकाला या शैलीचे मोल मुलापेक्षा अधिक कळते, कारण पाल्हाळ म्हणजे काय हे त्याने पुष्कळ सोसलेले असते.

भागवतांच्या भाषेचा आणखी एक विशेष सांगावासा वाटतो. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. त्यांतील एका धूमकेतूवरील प्रवासाच्या कादंबरीला त्यांनी ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ असे नाव दिले. हे नाव क्षणभर उच्चारून पाहावे. ‘शेंडेनक्षत्र’ हा धूमकेतूला घरगुती बोलीत असलेला शब्द; आणि ‘मुक्काम’ हा पाकिटावरच्या पत्त्यातला, सरकारी दौऱ्याच्या हिशेबातला. जन्मभर प्रवासभत्त्याची बिले तपासणाऱ्या माझ्यासारख्याला या शब्दाची चव वेगळीच लागते. आकाशातून धावणाऱ्या गोळ्यावर माणसे जाऊन पडतात आणि लेखक शांतपणे त्यांचा पत्ता लिहितो! अद्भुताला असे ओळखीच्या शब्दात बांधणे, हे विनोदाचेही काम आहे आणि विस्मयाचेही. लहान वाचकाला यातली गंमत जाणवते. ती कोठून आली हे सांगणे प्रौढाचे काम. आणि व्हर्न तरी मुलांपुरता कोठे होता? पॅरिसचे प्रकाशक एत्झेल यांनी १८६४ साली शिक्षण आणि करमणूक हे दोन्ही शब्द नावातच असलेले एक नियतकालिक काढले; त्यातून त्याच्या अनेक कादंबऱ्या क्रमशः आल्या आणि त्या घरातील सर्वांनी वाचावयाच्या होत्या. ‘रॉबिन्सन क्रूसो’ (१७१९) आणि ‘गलिव्हर’चे प्रवास (१७२६) तर मोठ्यांसाठीच लिहिले गेले, मुलांनी ते आपलेसे केले. वाङ्मयाची ही सरहद्द मुले एका बाजूने निर्धास्तपणे ओलांडतात. दुसऱ्या बाजूने जाताना आपणच दस्तऐवज मागत बसतो.

मात्र आनंदाचा विषय म्हणून स्वीकारायचे, तर दोषांची चर्चाही टाळता येत नाही. फास्टर फेणेच्या कथांत योगायोगाचा भार पुष्कळ आहे. जेथे बनेश जातो तेथे चोरांनी आधीच येऊन थांबावे, हा नियम काही काळाने कंटाळवाणा होतो. खलपुरुषांना चेहरा नसतो, केवळ काम असते. आणि धाडसाच्या या जगात मुलींच्या वाट्याला फार थोडे येते; वीस पुस्तकांच्या मानाने ही उणीव लहान नव्हे. ‘मुलांसाठीच आहे, चालायचेच’ असे म्हणून जो हे दोष पोटात घालतो, तो भागवतांवर प्रेम करीत नाही. तो त्यांना लेखकांच्या पंक्तीतून उठवितो. दोष दाखविण्याइतका मान बालवाङ्मयाला आपल्या समीक्षेने क्वचितच दिला आहे.

हा संकोच किती खोल आहे, याचे एक उदाहरण अलीकडचे आहे. १९८७ साली दूरदर्शनवर आलेल्या मालिकेत फेणे हा मुलगाच होता. २०१७ साली त्याच्यावर चित्रपट निघाला, तेव्हा तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण झाला. चित्रपट वेधक होता आणि प्रेक्षकांनी तो आवडीने पाहिला, याबद्दल तक्रार नाही. परंतु मोठ्यांना रुचावयाचे असेल तर नायकानेही मोठे झाले पाहिजे, असा जणू हिशेब त्यामागे दिसतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या निर्णयाने प्रौढाचा श्वास रोखला जाईल, यावर आपला विश्वास राहिलेला नाही.

संगीताकडे वळले की हाच प्रश्न कानांनी ऐकता येतो. ज्या १९५३ सालात ‘श्यामची आई’ पडद्यावर आली, त्याच वर्षी राम गबाले यांचा ‘देवबाप्पा’ आला आणि त्यातून ‘नाच रे मोरा’ महाराष्ट्रभर झाले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल पु. ल. देशपांडे यांची, आणि आवाज आशा भोसले यांचा. त्या तेव्हा जेमतेम विशीच्या होत्या. या गाण्याचे यश कशात आहे? त्यातील गाणारी लाडात येऊन बोबडे बोलत नाही. उच्चार स्वच्छ आहेत, सूर स्वच्छ आहेत, लय नाचरी पण आटोपशीर आहे. आणि मुख्य म्हणजे, गाण्यातले मूल कोणाच्या कौतुकासाठी उभे नाही. ते मोराशी बोलते आहे, आणि बरोबरीच्या नात्याने बोलते आहे. ऐकणाऱ्याला त्या दोघांच्या मध्ये येऊन ‘अगबाई!’ म्हणण्यास वाव ठेवलेला नाही. त्याला पावसात उतरावे लागते, नाही तर घरी बसावे लागते. मुलांच्या ‘वयं मोठं खोटम्’ या नाटकाला पु. लं.नी जे नाव दिले, त्यात हीच भूमिका शब्दांच्या खेळातून उतरली आहे.

दुसरी वाट मीना खडीकर यांची. त्यांनी आपल्या बालगीतांत खुद्द मुलांना गावयास लावले. रचना आणि योगेश ही तर त्यांचीच मुले. तेथेही कसब हे, की मुलाचा आवाज गोड वाटावा म्हणून वापरलेला नाही. त्या गाण्याला तोच आवाज हवा होता म्हणून वापरला आहे. सूर लागला पाहिजे ही अट मुलांनाही माफ नाही. या दोन्ही वाटा सोडून तिसरी एक रुळलेली आहे, आणि ती आज घरोघरच्या मोबाइलवर ऐकू येते. तिच्यात मोठी माणसे मुलासारखा आवाज काढतात, यंत्राचा ठेका अखंड चालतो, आणि शब्द कोणते आहेत याकडे कोणी लक्ष देऊ नये अशीच योजना असते. असे गाणे मुलासाठी असते असा समज आहे. खरे पाहता ते मुलाला गप्प बसविण्यासाठी असते, म्हणजे मोठ्यांच्या सोयीसाठी. ज्या बालगीताने प्रौढाचे कान विटतात, ते मुलाच्या कानांना चांगले आहे असे मानण्यास काही कारण मला दिसत नाही. विंदा करंदीकरांनी १९६१ साली ‘राणीची बाग’ दिली, तेव्हा ते आपल्या प्रौढ कवितेच्या पायऱ्या उतरून खाली आले नव्हते. तीच तालाची जाण आणि तोच तिरकस विनोद घेऊन ते दुसऱ्या दालनात गेले होते.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारे लोक. शेजाऱ्याच्या घरी हाच प्रश्न कसा सुटला आहे, हे पाहण्याची संधी आपल्याला पुण्या-मुंबईच्या मंडळींपेक्षा अधिक मिळते. मी राहतो ते सीतापुरा जयपूरच्या दक्षिण टोकाला, सांगानेरच्या पुढे टोंक रस्त्यावर आहे. कारखान्यांची वस्ती, वाङ्मयाशी तिचा संबंध कमीच. पण १४ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, या साऱ्या शहराच्या गच्च्यांवर जे दृश्य दिसते, त्यातून आपल्या समीक्षकांनी धडा घ्यावा. दुकानदार, हवालदार, निवृत्त मास्तर, आजोबा आणि नातू एकाच दोऱ्याला हात लावून उभे असतात, आणि पतंग कापला की ‘वो काटा’ची आरोळी आजोबांचीच मोठी असते. कोणी त्यांना लहानपण आठवले का, असे विचारीत नाही. त्यांना वारा आठवलेला असतो. पतंग उडविणे ही एक कला आहे, तिला वय नाही, एवढे येथे सर्वांस मान्य आहे.

वाङ्मयातील उदाहरण बंगालचे आहे, आणि योगायोगाने तेही राजस्थानात येऊन पोहोचते. सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ साली ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात जन्मला; ते मासिक त्यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी, १९१३ साली काढले होते. परंतु १९७१ सालची ‘सोनार केल्ला’ ही फेलूदाची कादंबरी प्रसिद्ध झाली ती ‘देश’च्या शारदीय अंकात, म्हणजे प्रौढ वाचकांच्या प्रतिष्ठित साप्ताहिकात. १९७४ साली राय यांनी तिचा चित्रपट केला. त्यात जयपूरचा नाहरगड आहे, जोधपूर आहे, आणि शेवटी जैसलमेरचा पिवळ्या दगडाचा किल्ला आहे. त्यानंतर बंगाली कुटुंबांची जैसलमेरकडे रीघ लागली, ती अद्याप थांबलेली नाही. किल्ल्यालाही ‘सोनार किल्ला’ हे नाव चिकटले. मुलांच्या एका रहस्यकथेचे बोट धरून कर्ते स्त्रीपुरुष वाळवंट पाहावयास येतात, आणि त्याची कोणाला लाज वाटत नाही. त्याच १९७१ साली आपल्याकडे बालभारतीने ‘किशोर’ मासिक सुरू केले. मासिक उत्तम, अनेक पिढ्या त्यावर वाढल्या. परंतु दोन भाषांच्या व्यवस्थेतला फरक लक्षात घ्यावा. बंगालने मुलांच्या कादंबरीला मोठ्यांच्या अंकात पान मांडले. आपण मुलांसाठी सुंदर स्वतंत्र खोली बांधली आणि मोठ्यांना तिच्या दारापर्यंतच जाऊ दिले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. प्रौढाचे आयुष्य तडजोडीचे, पश्चात्तापाचे, कामवासनेचे आणि मरणाचे असते. यांपैकी काहीही ज्या पुस्तकांत नाही, त्यांत रमणे हा पळ नव्हे काय? जो केवळ हीच पुस्तके वाचील, त्याच्याबाबत आक्षेप खरा आहे. पण इंग्रजी लेखक सी. एस. लुईस यांनी १९५२ साली बालवाङ्मयावरील आपल्या व्याख्यानात याचे चांगले उत्तर दिले. वाढणे म्हणजे जुनी आवड टाकून नवी धरणे नव्हे, तर जुनीत नवीची भर घालणे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. त्याला मी माझ्या धंद्यातली एक पुरवणी जोडतो. कचेरीतल्या माणसाचे आयुष्य टिपणीचे असते. आपण प्रकरण मांडतो, ते वर जाते, निर्णय दुसऱ्याचा असतो आणि तो खाली येईपर्यंत मूळ प्रश्न शिळा झालेला असतो. साहसकथेत पाहणारा, ठरविणारा आणि करणारा एकच असतो, आणि चुकल्यास गुडघेही त्याचेच फुटतात. प्रौढाच्या जगात जो उत्साह कामाच्या वाटणीने विरून गेलेला असतो, तो येथे अखंड भेटतो. हा पळ नव्हे. आपले काय हरवले आहे, याचे ते नेमके भान आहे.

माझ्या दृष्टीने यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र समीक्षेच्याही पलीकडची आहे. जयपुरातील मराठी घरांत वाढणाऱ्या मुलांना देवनागरी शिकवावी लागत नाही. हिंदीमुळे ती येतेच. शाळेच्या हिंदी पुस्तकात ‘ळ’ भेटत नसला तरी रस्त्यावरच्या ढूंढाडीत तो कानी पडतो. म्हणजे अडचण लिपीची नाही. अडचण ही, की मराठी त्यांच्याकडे येते ती कर्तव्याच्या वेषात: आजीला पत्र लिही, श्लोक म्हण, आपली भाषा विसरू नकोस. पुण्याहून मागविलेली पुस्तकेही त्याच वेषात येतात. ‘वाच, चांगले असते’ असे म्हणून आपण ती त्यांच्या हाती देतो आणि स्वतः वर्तमानपत्र उघडतो. मूल हे ताबडतोब ओळखते. जे वडील माणसाला स्वतःला नको असते, ते औषध असते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. याउलट बाप जेवणाची हाक ऐकत नाही इतका एखाद्या पुस्तकात बुडालेला दिसला, तर ते पुस्तक पळविल्यावाचून कोणते मूल राहील? आणि ते बुडणे खोटे असून चालत नाही. मुलाच्या हितासाठी केलेले नाटक दोन पानांत उघडे पडते.

येथे फास्टर फेणे आपल्यासारख्यांना विशेष जवळचा वाटतो. काश्मीर, आगरतळा अशा दूरच्या मुलखांतही तो जातो आणि तेथला भूगोल, तेथली माणसे, तेथली धावपळ मराठीत येते. प्रतापगडावर मराठी चालते, यात नवल नाही. जेथे ती कोणी बोलत नाही, तेथेही तिच्यात घाबरता येते, ठरविता येते, जिंकता येते, हे त्या पुस्तकांनी दाखवून दिले. महाराष्ट्राबाहेरच्या मुलाला भाषेबद्दलचा हाच विश्वास हवा असतो, आणि तो व्याख्यानाने देता येत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या नियतकालिकांनी मुलांच्या पुस्तकांचे परीक्षण चौदा नोव्हेंबरच्या खास पानावर न देता नेहमीच्या परीक्षणांत, कादंबरीच्या आणि काव्यसंग्रहाच्या शेजारी द्यावे. आणि परीक्षकाने ‘बालवाचकांना आवडेल’ हे वाक्य लिहू नये. ते भविष्य वर्तविण्याचा अधिकार त्याला नाही. त्याने आपल्याला आवडले की नाही, आणि कशामुळे, एवढेच सांगावे. त्याला आवडले नसेल, तर मुलांनाही ते देऊ नये. आवडले असेल, तर प्रत आणखी एक मागवावी, कारण घरात एका प्रतीवर भांडण होणार आहे.